मागच्या केसांचं प्रकरण

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

(यातलं शिर गेले चार आठवडे कुणापुढेही वाकवण्याच्या स्थितीत नव्हतं, वाकवलं असतं तर सगळंच दिसलं असतं. कालपासून ते वाकवता येतं, आणि पहिला मान तुमचा.)

तुमचा गुडघा कसा आहे? मागे म्हणाला होतात की जिना चढताना करकर वाजतो. आता वाजायचा थांबला असेल तर उत्तमच, पण वाजायचा थांबून नुसता दुखायला लागला असेल तर पुन्हा वाजता करून घ्या, असं मी म्हणेन. भावोजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर निदान तो त्यांना मान्य तरी झाला का? (पुरुषांना खोकला होतो तेव्हा तो त्यांचा कधीच नसतो, धुळीचा असतो.) इकडे आम्ही दोघंही बरी आहोत. 'दोघंही' हा शब्द लिहून मी तो पुन्हा एकदा वाचला, कारण महिनाभर तो लिहायची सोय नव्हती. घरात एक तुमचे बंधू होते, एक मी होते, पण बेरीज होत नव्हती.

काय घडलं ते तुम्हाला पहिल्यापासून सांगते. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, त्यांना चालायला तुम्ही शिकवलंत, आणि न बोलता आठवडेच्या आठवडे बसून राहायलाही ते कुठेतरी तुमच्याच देखरेखीखाली शिकले असणार.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही रोज साडेसातला जी मालिका बघता तिचे संवाद मी लिहिते. कथा दुसराच एकजण ठरवतो. (त्याला मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. तो फोनवर आवाजी निरोप पाठवतो, आणि त्यात त्याच्यापेक्षा त्याच्या घरातला मिक्सर जास्त बोलतो.) त्याने ठरवलेल्या माणसांच्या तोंडात शब्द घालणं एवढंच माझ्याकडे. तुमचे बंधू माणसांच्या तोंडात दात घालतात. आमचं लग्न ठरताना तुम्हीच म्हणाला होतात की दोघांचा धंदा एकाच अवयवाचा आहे, जमेल. जमलं. चोवीस वर्षं जमलं. मग आमच्या कार्यालयात वाहिनीच्या आलेखबाई आल्या.

आलेखबाई म्हणजे वाहिनीने आमच्यावर नेमलेली, माझ्या निम्म्या वयाची मुलगी. कालच्या भागाच्या कोणत्या मिनिटाला किती लोक बघत होते याचा आलेख ती बरोबर घेऊन फिरते. आलेख वर गेला की ती आम्हाला 'टीम' म्हणते, खाली गेला की 'तुम्ही लोक'. त्या दिवशी ती 'तुम्ही लोक' म्हणतच आत आली. नवरा-बायकोच्या प्रेमाच्या प्रसंगांत आलेखाला खड्डा पडत होता. लोक तेवढ्यात पाणी प्यायला उठत होते. चाळिशीच्या पुढचे तर उठून जात होते ते जाहिराती संपल्यावरच परत येत होते.

वन्सं, मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. कारण मालिकेतली जवळीक तुम्ही नुसती बघता, ती शिजते कशी ते तुम्ही पाहिलेलं नाही. वाहिनीच्या नियमाप्रमाणे चाळिशी उलटलेल्या जोडप्याला एका पलंगावर बसायचं असेल तर दोघांपैकी एकजण आजारी असावा लागतो. त्यामुळे आमच्या नायिकेला आतापर्यंत अकरा वेळा ताप आला आहे. स्पर्श करायचा असेल तर कुणीतरी पडावं लागतं. मालिकेतल्या संसारात ती बाई एकोणीस वेळा घसरली आणि एकोणीस वेळा झेलली गेली. (खऱ्या घरात बायको घसरली तर नवरा आधी 'बघून चालता येत नाही का' म्हणतो, मग चष्मा शोधतो, आणि तोवर बायको आपली आपण उठून गॅसपाशी पोचलेली असते.) शिवाय ही दोघं एकमेकांशी एकाच खोलीत, समोरासमोर उभी राहून, पूर्ण वाक्यांत बोलतात. असा संसार मी कुठेच पाहिलेला नाही. आमच्याकडे एकजण नळाखाली भांडी विसळत असतो, दुसरा तिसऱ्या खोलीतून बोलत असतो, आणि निम्मा संसार 'काय?' या एका शब्दावर चाललेला असतो.

त्यात आमच्या दिग्दर्शकाला सेटवर सगळे 'पंखेवाले' म्हणतात. भावना आली की तो मोठा पंखा लावतो. दारं बंद, खिडक्या बंद, आणि नायिकेचे केस उडताहेत. हा वारा येतो कुठून, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, 'आतून.' आणि नायक-नायिका गेली तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. (मेकअपच्या खोलीतल्या एसीच्या तापमानावरून बिनसलं.) दोघांचं चित्रीकरण वेगवेगळं होतं. तो तिच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघतो तेव्हा प्रत्यक्षात तो दिव्याच्या स्टँडला बांधलेल्या टेनिसच्या चेंडूकडे बघत असतो. चेंडूकडे तो फार सुंदर बघतो, एवढं मात्र कबूल करायला हवं.

तर आलेखबाई म्हणाल्या, आता काहीतरी खरं द्या. मी विचारलं, खरं म्हणजे? म्हणाल्या, 'खरं, पण सुंदर. घरातलं, पण घरातल्यासारखं दिसणारं नको.' आणि हे दोन तासांत हवं होतं, कारण नायिकाबाईंना चारला एका दुकानाचं उद्घाटन होतं.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागणार, जी मी तुमच्यापासूनही बारा वर्षं लपवली. वन्सं, माझे केस पांढरे आहेत. अधूनमधून नव्हे, सगळे. तुम्ही दरवेळी चारचौघांत म्हणता ना, 'आमच्या वहिनीचे केस बघा, अजून एक पांढरा नाही', तेव्हा मी खाली बघते ती विनयाने नाही. दर तिसऱ्या रविवारी सकाळी तुमचे बंधू बाल्कनीत स्टूल मांडतात. मी त्यांचा जुना शर्ट उलटा, बटणं पाठीकडे करून, घालते. कवळीचा साचा घेताना ज्या रबरी वाडग्यात प्लास्टर कालवतात, तसल्याच एका वाडग्यात ते रंग कालवतात. पुढचे केस मी आरशात बघून माझे मी रंगवते. मागचे दिसत नाहीत, ते त्यांच्याकडे. कवळीच्या हिरड्यांना गुलाबी छटा द्यायचा बारीक ब्रश असतो, तो घेऊन ते एकेक बट उचलून असं काम करतात की जणू हे डोकं उद्या गिऱ्हाइकाला बसवायचं आहे.

आणि तेव्हा ते बोलतात. एरवी तुमच्या बंधूंचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे. जेवताना 'मीठ' म्हणाले तर ते हवंय की जास्त झालंय हे मला चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. पण माझी पाठ फिरली की त्यांना वाचा फुटते. चोवीस वर्षांत ते माझ्याशी जे काही मोलाचं बोलले असतील ते माझ्या मानेला उद्देशून. सुरुवात हुकमांनी होते: 'मान खाली. अजून खाली. हलू नकोस, कानामागे आलोय.' मग मधेच वडिलांची आठवण, वर्कशॉपमधलं एखादं दुखणं, मुलगी शिकायला लांब गेली तेव्हा न बोललेलं काहीतरी. आणि शेवटी ब्रश वाडग्याच्या काठावर दोनदा टकटक करून दरवेळी एकच वाक्य: 'पुढचं तू बघ, मागचं मी बघतो.' बस्स. त्यात तसं काही नाही. केसांबद्दलच आहे ते.

घाईत लिहिताना माझी एक पद्धत आहे. पहिल्या खेपेला मी खऱ्या माणसांचं खरं बोलणं जसंच्या तसं उतरवते, आणि दुसऱ्या खेपेला ते इतकं धुऊन काढते की ज्याचं होतं त्यालाही ओळखू येऊ नये. (तुम्ही मालिकेतल्या आत्याबाईंना इतक्या मनापासून नावं ठेवता, तेव्हा माझ्या धुलाईचं मला कौतुक वाटतं.) त्या दिवशी दुसरी खेप झालीच नाही. उद्घाटन चारला होतं. पानं माझ्या हातातून ओढून नेली आणि तुमच्या बंधूंची वाक्यं न धुताच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

पुढचं ऐका. नायिकाबाईंनी सांगितलं, माझ्या पात्राला पांढरे केस नाहीत. मग रंगवायचं काय? तर काळेच केस पुन्हा काळे करायचं ठरलं. नायक म्हणाला, माझ्या नखांना डाग पडेल. म्हणून हात मेकअपमनचा घेतला. पंखेवाले म्हणाले, दोघांचे चेहरे दिसायला हवेत; म्हणून नायक चेंडूसमोर बसला, आणि मेकअपमन नायिकेच्या समोर बसून, भिंतीपलीकडून कडी काढावी तसा हात लांब करून तिचे मागचे केस रंगवू लागला. पंखा सुरू होताच. काळ्या पाण्याचे थेंब उडून कॅमेऱ्यावर पडले, ते पुढे अश्रू म्हणून वापरले. आणि 'पुढचं तू बघ, मागचं मी बघतो' हे वाक्य तीन बाजूंनी, तीन वेळा, व्हायोलिन लावून.

आलेखाचा खड्डा भरून वर टेकडी आली. ते वाक्य जाहिरातीत आलं, रस्त्यावरच्या फलकावर आलं, गुलाबाच्या चित्रावर बसून शुभ सकाळ म्हणत घरोघर गेलं. तुम्हीही तेव्हा फोन करून सांगितलंत की डोळ्यांत पाणी आलं. मी ते श्रेय निमूट घेतलं, त्याबद्दल आता माफी मागते. ते पाणी तुमच्या भावाच्या नावावर जमा व्हायला हवं होतं.

तुमचे बंधू मालिका बघत नाहीत हे माझ्या धंद्याचं मोठं संरक्षण होतं. पण त्या संध्याकाळी ते एका दंतवैद्याकडे कवळी पोचवायला गेले होते. तिथे बाहेरच्या खोलीत टीव्ही लावलेला, सहा-सात माणसं गालात कापूस धरून बसलेली. त्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून, हातात कुणाचे तरी वरचे दात घेऊन, त्यांनी आपलं वाक्य ऐकलं. तीन वेळा, व्हायोलिनसह. एक बाई कापसातून म्हणाल्या म्हणे, 'आमच्याकडे असं कोण बोलतंय!'

घरी आले. पिशवी ठेवली, हात धुतले, पुसले. मग एवढंच विचारलं:

'मी बोलत असतो तेव्हा तू ऐकत असतेस, की लिहून घेत असतेस?'

वन्सं, लोकांच्या भांडणाला मी तासाला चाळीस उत्तरं लिहिते. मला त्या वेळी एकच सुचलं. मी म्हटलं, 'दोन्ही.' खरं बोलायची ही वेळ नव्हती, हे मला शब्द बाहेर पडता पडताच कळलं. ते 'बरं' म्हणाले. तुमच्या घराण्यातलं 'बरं' तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिसरा रविवार आला. त्यांनी स्टूल काढलं, माझ्या जिवात जीव आला, आणि ते त्या स्टुलावर चढून माळा आवरू लागले. पुढच्या रविवारी नळाचा वॉशर बदलला. त्याच्या पुढच्या रविवारी जो बदलला तो वॉशर चांगला होता. मी विचारणार तरी काय, वन्सं? माझे केस रंगवा, असं? केसांचं काय, ते पार्लरमध्येही रंगतात. मला ते स्टूल हवं होतं. ती पाठीमागून येणारी अर्ध्या तासाची बडबड हवी होती, जी दुसऱ्या कुठल्याच मार्गाने त्या माणसाकडून मिळत नाही. आणि ते मागायला तोंड राहिलेलं नव्हतं, कारण तेच तर मी साडेसातला विकून आले होते.

इकडे मालिकेची कथा पुढे सरकली. मिक्सरवाल्याचा निरोप आला: तो रंग साधा नव्हता, नवऱ्याने त्यात काहीतरी मिसळलं होतं, नायिकेची स्मृती गेली. मी म्हटलं, अहो, डोक्याला वरून रंग लावून आतलं कसं जाईल? आलेखबाई म्हणाल्या, लोकांना प्रेम आवडलं होतं, आता त्याचा धक्का आवडेल. नवरा बायकोशी इतका चांगला वागतो म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणारच, हे प्रेक्षकांना पटतं म्हणे. पटलंच. आलेखाची टेकडी होती ती डोंगर झाली.

आणि आमच्या समोरच्या बाल्कनीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. बारा वर्षं दर तिसऱ्या रविवारी त्यांनी आम्हाला चहा पिता पिता पाहिलेलं होतं. प्रसंग लागला त्या रात्रीच त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं होतं की ही दोघं कोण. तेव्हा इमारत आमच्याकडे कौतुकाने बघत होती. नायिकेची स्मृती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून इमारत तुमच्या बंधूंकडे बघेना आणि माझ्याकडे फार बघू लागली. लिफ्टमध्ये लोक मला माझा मजला सांगू लागले. बातमी दंतवैद्यापर्यंत पोचली आणि त्याने तुमच्या बंधूंना विचारलं, 'वहिनींना सगळं आठवतं ना?' आणि मुख्याध्यापिकाबाई रोज सकाळी बाल्कनीतून माझी चाचणी घेऊ लागल्या. आज वार कोणता? काल कोणता होता? एकदा म्हणाल्या, तेराचा पाढा म्हणा. मी तेर साते एक्क्याण्णवपर्यंत कशीबशी पोचले आणि थांबले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. तेराचा पाढा मला शाळेतही येत नव्हता, पण हे मी बाल्कनीतून ओरडून कुणाकुणाला सांगणार?

एव्हाना डोक्यावर बोटभर रुंदीचा पांढरा रस्ता झाला होता. मग एका दुपारी घरी कुणी नसताना मीच वाडगा काढला. एक आरसा पुढे, एक मागे. वन्सं, दोन आरशांत आपला हात आपला राहत नाही. उजवीकडे न्यावा तर तो डावीकडे निघतो, आणि मधेच कुणाचा तरी कान लागतो, तो आपलाच असतो. मी कान रंगवला, मान रंगवली, पडदा रंगवला, दिव्याचं बटण रंगवलं. केस मात्र ठिपक्याठिपक्यांनी, गाय असावी तसे. त्यानंतर रुमाल बांधला तो काल सकाळपर्यंत. (सेटवर सांगितलं, सर्दी आहे. पंखेवाले पंखा बंद करू का म्हणाले. अकरा वर्षांत प्रथमच.)

काल रविवार. सकाळी दार वाजलं. तुमच्या बंधूंनी उघडलं. दारात मुख्याध्यापिकाबाई, हातात वही-पेन्सिल. त्यांनी तुमच्या बंधूंना ओलांडून थेट मला विचारलं, 'तुमचं नाव आणि आजची तारीख यात लिहून दाखवाल का? घाबरू नका. मी आहे.'

मला हसावं की रडावं कळेना. आणि तेवढ्यात तुमचे बंधू बोलले. महिनाभराने, सलग, आणि विशेष म्हणजे समोरून.

'तिला तेराचा पाढा कधीच येत नव्हता. लग्नाआधीपासून. गॅस बंद केला का ते आठवत नाही, किल्ली आठवत नाही, माझा वाढदिवस दोनदा विसरलीये. पण कुणी काय बोललं ते एक अक्षर विसरत नाही. तोच तर त्रास आहे. तुम्ही परवा बाल्कनीत काय काय बोललात, ते विचारा तिला, आत्ता म्हणून दाखवेल.'

बाईंनी नाही विचारलं. वही मिटून गेल्या. दार लागलं, आणि त्या गडबडीत माझा रुमाल सुटला होता. तुमच्या बंधूंची नजर वर गेली. तुम्ही त्यांना वर्कशॉपमध्ये पाहिलंय का हो, दुसऱ्याने बिघडवलेली कवळी दुरुस्तीला येते तेव्हा? ते ती उजेडाकडे धरतात, एक डोळा बारीक करतात आणि अगदी दुखावल्या आवाजात विचारतात, 'हे कोणी केलं?' तसंच माझं डोकं त्यांनी खिडकीकडे वळवलं.

'हे कोणी केलं?'

'मी.'

'रंग किती वेळ ठेवलास?'

'सांगू का? घाबरून लगेच धुतला.'

त्यांनी एकेक ठिपका अंगठ्याने घासून पाहिला. राग होता, वन्सं, पण तो आता माझ्यावर नव्हता, त्या कामावर होता. असं काम घरात पडून राहू देणं त्यांच्या स्वभावात नाही. स्टूल आणलं. पण बसू देईनात. आधी वर्कशॉपची पावती आणली, ती असते ना, रुग्णाचं नाव, वरची की खालची, दातांची छटा, तसल्या रकान्यांची. तिच्या पाठीमागे मला लिहायला लावलं: 'आपल्या घरातलं काहीही यापुढे मालिकेत जाणार नाही.' सही, तारीख. (तारीख मी न विचारता बरोबर घातली.) पावती त्यांनी खिशात ठेवली आणि स्टूल मुद्दाम बाल्कनीच्या अगदी पुढे, समोरून स्पष्ट दिसेल असं मांडलं.

'मान खाली,' म्हणाले. मी इतकी खाली घातली की म्हणाले, 'एवढी नको.'

पहिली दहा मिनिटं नुसता ब्रशचा आवाज. मला वाटलं, हात परत मिळाले, बोलणं काही मिळणार नाही. मग कानामागे आल्यावर बोलू लागले. आधी तुटक, मग नेहमीसारखे. आणि शेवटाकडे एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी बावीस वर्षं कुणालाही सांगितलेली नाही, मलासुद्धा. माझ्यावर पुन्हा विश्वास टाकला त्याची ती खूण होती, हे न कळण्याइतकी मी मालिकेत मुरलेली नाही. ती गोष्ट माझ्यापाशीच राहील, असं मी माझ्या मनाशी ठरवलं आहे.

तर असं सगळं. बाकी क्षेम. हे पत्र काही मागण्यासाठी नाही, सहज लिहिलं. गुडघ्याला जपा, भावोजींना नमस्कार.

तुमची धाकटी भावजय

ता. क. सहज लिहिलं हे खरं, पण विषय निघालाच आहे म्हणून. आलेखबाईंना याच आठवड्यासाठी आणखी एक 'खरा' प्रसंग हवा आहे. मी सही केलेल्या कागदावर 'आपल्या घरातलं' असे शब्द आहेत. मी ते चार वेळा वाचले. तुमचं घर त्यात येत नाही. वन्सं, भावोजींचा डावा कान कारखान्यातल्या यंत्रांनी गेला तेव्हापासून तुम्ही कायम त्यांच्या उजवीकडे असता. चालताना, जेवताना, पाहुण्यांत बसताना. कुणाला मुद्दाम दिसत नाही, पण मी पाहिलंय. आणि तुम्ही रागावलात की खुर्ची उचलून त्यांच्या डावीकडे जाऊन बसता आणि त्यांच्याबद्दल, त्यांच्या बहिणींबद्दल, जगाबद्दल जे मनात असेल ते सगळं तिथे बसून बोलून टाकता. ते शांतपणे वर्तमानपत्र वाचत असतात. मग तुम्ही मोकळ्या होऊन परत उजवीकडे येता आणि म्हणता, चहा टाकू का? एवढं सुंदर मला जन्मात सुचणार नाही. वापरू का? नावगाव बदलीन, कानही हवा तर उजवा करीन.

ता. क. दुसरा (मंगळवार). पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज सकाळी तो प्रसंग चित्रितही झाला. गुरुवारी दाखवतील. फोन करून विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही लगेच नाही म्हणाला असतात. पत्र पोचायला चार दिवस लागतात. तुमचा नकार मी पूर्ण आदराने स्वीकारीन, कळवा.

ता. क. तिसरा. पत्र हाती पडेल तेव्हा गुरुवार होऊन गेलेला असेल, म्हणजे प्रसंगाचा शेवट तुम्हाला कळलेलाच असणार. तो मिक्सरवाल्याने घातलेला नाही. परवा तुमच्या बंधूंनी सांगितलेली गोष्ट तीच. भावोजींचा डावा कान पहिल्या वर्षभरातच बराचसा परत आला होता. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. बावीस वर्षांपूर्वी एकदा तुमच्या बंधूंपाशी बोलले, 'सांगितलं तर ती रागावल्यावर जाऊन बसणार कुठे?' तेव्हापासून ते वर्तमानपत्राचं एकच पान धरून सगळं ऐकताहेत. आणि ऐकलेलं कुणाला तरी सांगावं लागतं, म्हणून अधूनमधून तुमच्या बंधूंना सांगतात. म्हणजे तुम्ही माझ्याबद्दल डावीकडे बसून जे जे बोललात ते सगळं. रंग वाळायला पस्तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात परवा माझं निम्मंच ऐकून झालं. उरलेलं पुढच्या खेपेला सांगणार आहेत. तेव्हा माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागवा, पण मी हे मालिकेत घातलं ते निदान तिसऱ्या रविवारपर्यंत तुमच्या भावाला कळू देऊ नका.